वसंताआधीची पेरणी

महाराष्ट्रातील शेतीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. कोकणातील शेतकरी उन्हाळ्यात राब भाजून ठेवतो, पहिल्या सरींबरोबर त्यात भात पेरतो आणि साधारण तीन आठवड्यांनी रोपांची लावणी करतो. नाशिककडचा शेतकरी कांद्याचे रोप आधी गादीवाफ्यावर वाढवतो आणि मग शेतात नेतो. मुख्य हंगाम सुरू होण्यापूर्वी थोड्या जागेत रोप सांभाळण्याची ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, कॅनडा यांसारख्या थंड देशांत हीच कल्पना घराच्या चार भिंतींच्या आत आणावी लागते. कारण तेथे हंगामाचे दार पाऊस उघडत नाही, थंडी उघडते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज अशा देशांत राहतात. खिडकीत मिरचीची चार रोपे लावून ती जगली नाहीत, अशी त्यांची तक्रारही कानी येते. त्यांना उपयोग व्हावा आणि येथील विद्यार्थ्यांना या साध्या कृतीमागचे विज्ञान व इतिहास समजावा, या दुहेरी हेतूने हा लेख लिहिला आहे.

घरात पेरणी कशासाठी?

महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. आपल्याकडे जे बातमीचा विषय होते, ते थंड देशांत कित्येक महिने रोजचे वास्तव असते. पेशींतील पाणी गोठले की कोवळे रोप एका रात्रीत काळवंडते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत दव गोठण्याचा धोका मे महिन्याच्या मध्यापर्यंत टळत नाही आणि ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा दाराशी येतो. टोमॅटो, मिरची, वांगे ही मुळात उष्ण प्रदेशांतील पिके. टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून युरोपात पोहोचली; त्यांना फळे पिकवण्यासाठी दीर्घ उबदार काळ लागतो. मे अखेरीस उघड्यावर बी पेरले, तर फळ पिकण्याच्या आतच थंडी परत येते. म्हणून रोपाचे बालपण घरात काढायचे आणि ऊन स्थिरावले की त्याला बाहेर न्यायचे, असा मार्ग तेथील लोकांनी शोधला.

हा मार्ग फार जुना आहे. रोमन सम्राट टायबेरियस (कारकीर्द इ. स. १४ ते ३७) याला काकडीवर्गातील एक फळ नित्य लागत असे. त्यासाठी चाकांवरचे वाफे तयार करून ते दिवसा उन्हात ढकलत, थंडीत आत घेत आणि पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांनी झाकत, अशी नोंद प्लिनी या लेखकाने केली आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या परिसरातील भाजीवाल्यांनी घोड्याच्या ताज्या लिदीच्या थरावर माती पसरून आणि काचेच्या घंटा उपड्या घालून ऐन हिवाळ्यात कोवळी भाजी काढली. लीद कुजताना निघणारी उष्णता हीच त्यांची शेगडी होती. सम्राटाची हौस आणि भाजीवाल्याची उपजीविका, दोहोंमागे तत्त्व एकच होते.

मागे मोजत जाण्याचा हिशेब

नवख्या माणसाची घाई नेहमी एकाच दिशेने होते: जितके लवकर पेरू तितके बरे. ही समजूत चुकीची आहे. रोप दिनांक वाचत नाही. त्याला ऊब, ओल, प्रकाश आणि मुळांना मिळणारी जागा एवढेच कळते. जानेवारीत पेरलेला टोमॅटो मेपर्यंत खिडकीत अडकून पडतो. त्याची मुळे डब्यात गुरफटतात, खोड लांबते आणि शेवटी एप्रिलमध्ये पेरलेले रोप त्याच्या पुढे निघून जाते.

म्हणून हिशेब उलटा करावा. आपल्या गावी दव गोठण्याचा धोका साधारण केव्हा संपतो, ती तारीख प्रथम विचारून घ्यावी. ती १५ मे आहे असे समजू. टोमॅटोला त्याआधी सहा ते आठ आठवडे हवेत. म्हणजे पेरणी २० मार्च ते ३ एप्रिल या दरम्यान. मिरची सावकाश वाढते, तिला आठ ते दहा आठवडे द्यावेत. म्हणजे ६ ते २० मार्च. काकडीला तीन-चार आठवडे पुरतात, आणि तिच्या मुळांना धक्का सहन होत नसल्याने ती स्वतंत्र कुंडीतच पेरावी. मुळा आणि गाजर मात्र घरात पेरू नयेत. त्यांचे मूळ हेच आपले खाद्य. ते जागेवरून हलवले की वाकडे होते किंवा त्याला फाटे फुटतात.

पेरणीची माती हलकी, भुसभुशीत आणि रोगजंतूंपासून मुक्त असावी. कोकोपीटचे मिश्रण चालते. बागेतील माती घरात आणली, की तिच्याबरोबर बुरशी येते आणि उगवलेली रोपे जमिनीलगत कुजून एकेक कोलमडतात. अति पाणी आणि कोंदट हवा या रोगाला आमंत्रण देतात. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरावे. मिरचीला उगवण्यासाठी मातीत २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते. टोमॅटोला २० ते २५ अंशही पुरतात. घरात अंगाला ऊब जाणवते, तरी खिडकीच्या थंड काचेला टेकलेल्या कुंडीतील माती गार असू शकते. पुष्कळांची मिरची उगवत नाही, ती येथेच.

बियाण्याविषयी एक सूचना. गावाकडचे बी सामानातून नेण्याचा मोह आवरावा. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बियाणे आणण्यास अनेक देशांत मनाई आहे. बियांबरोबर रोगही प्रवास करतात, हे त्यामागचे कारण.

प्रकाश, आणि प्रकाशावरचा कर

अंकुर फुटेपर्यंत ऊब महत्त्वाची. अंकुर फुटताच प्रकाश महत्त्वाचा होतो. लंडनमध्ये डिसेंबर अखेरीचा दिवस आठ तासांहूनही लहान असतो. अपुऱ्या प्रकाशात रोप उजेडाच्या शोधात उंच, फिकट आणि लेचेपेचे होते. अशा रोपाला खताची नव्हे, उजेडाची गरज असते. आज तेथील लोक एलईडी दिवे रोपांच्या जवळ टांगून रोज चौदा ते सोळा तास उजेड देतात. ज्यांच्याकडे दिवा नाही, त्यांनी दक्षिणेकडील खिडकी निवडावी आणि कुंडी रोज थोडी फिरवावी.

येथे इतिहासातील एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. इंग्लंडमध्ये १६९६ साली खिडक्यांवर कर बसला आणि तो १८५१ पर्यंत टिकला. घराला जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. कर चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. भाड्याच्या कोंदट घरांत राहणाऱ्या गरिबांच्या वाट्याला त्यामुळे अंधार आणि रोगराई आली. काचेवरचा वेगळा कर १८४५ मध्ये उठला, तोवर काचेची घरे बांधून फुले जोपासणे हे मुख्यतः धनिकांचेच काम होते.

तरीही फुलांची उत्तम जोपासना केवळ धनिकांनी केली नाही. लँकेशायरच्या हातमाग विणकरांनी ऑरिक्युला या नाजूक फुलझाडाच्या जाती घडवल्या. स्कॉटलंडमधील पेझली गावच्या विणकरांनी ‘पिंक’ या फुलाच्या पाकळ्यांवर लेससारखी कडा उमटेपर्यंत निवड केली. विणकामासाठी त्यांच्या घरांना उजेड लागे, माग घरातच असल्याने दिवसातून अनेकदा कुंडीकडे पाहता येई, आणि सुताच्या बारीक फरकावर बसलेली नजर पाकळीतील फरकही टिपत असे. त्यांच्या स्पर्धांत तांब्याची किटली हे मानाचे बक्षीस असे. यंत्रमागांनी हातमाग बुडवला, तेव्हा त्यांचा रोजगार आणि ही कला दोन्ही ओसरली. ज्ञान हे विद्यापीठांतच जन्मते असे मानणाऱ्यांनी हे विणकर आठवावेत. पुढे १९०८ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील स्थानिक संस्थांवर, मागणी आल्यास कष्टकऱ्यांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी आली. खिडकीतील रोपाला अखेर जमीन लागतेच, आणि जमिनीचा प्रश्न हा कायद्याचा प्रश्न असतो.

रोप काटक करणे

घरातील रोपाने वारा अनुभवलेला नसतो आणि प्रखर ऊनही सोसलेले नसते. त्याला एकदम बाहेर लावले, तर पाने पांढरी पडतात आणि रोप मान टाकते. त्यासाठी लावणीपूर्वी सात ते दहा दिवस त्याला हळूहळू सवय लावतात. पहिल्या दिवशी एक-दोन तास सावलीत, मग सौम्य उन्हात, मग दिवसभर, आणि शेवटी रात्रभर बाहेर. या काळात पाणीही थोडे कमी देतात. पानांवरचा संरक्षक थर जाड होतो, खोड टणक होते. आपल्याकडील रोपवाटिकांतही टोमॅटोची रोपे शेतात जाण्यापूर्वी पाणी कमी करून अशीच काटक केली जातात. रोपाला आयुष्यभर आत ठेवणे ही माया नव्हे. आणि तयारीविना बाहेर काढणे ही शिस्तही नव्हे.

कंदांची गोष्ट

बियांना ऊब हवी, तर ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिल यांच्या कंदांना आधी थंडी हवी. कांदा उभा चिरून पाहिला, तर मांसल पाकळ्यांच्या मधोमध कोंब दिसतो. ट्यूलिपच्या कंदाची रचनाही तशीच. त्याच्या पोटात पुढच्या वर्षीचे फूल आदल्या उन्हाळ्यातच आकाराला येते. मात्र काही आठवडे थंडीत काढल्याशिवाय त्याचा दांडा नीट वाढत नाही.

घरात लवकर फुले हवी असल्यास ऑक्टोबरमध्ये कंद कुंडीत लावून अंधाऱ्या जागी, ५ ते ९ अंश तापमानात ठेवतात. ट्यूलिपला चौदा ते सोळा आठवडे, हायसिंथला दहा ते बारा आठवडे. मग कुंडी प्रथम थंडशा उजेडात आणि नंतर उबेत आणली, की सुमारे तीन आठवड्यांत फूल उमलते. कंद फ्रिजमध्ये ठेवायचे असल्यास सफरचंदाजवळ ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतील कळी मारतो. डेलिया आणि आपला निशिगंध मात्र मूळचे मेक्सिकोतील. त्यांच्या कंदांना थंडीची गरज नाही, उलट भय आहे. त्यांना मार्च-एप्रिलमध्ये घराच्या उबेतच कोंब आणतात.

हॉलंडमध्ये १६३७ साली ट्यूलिपच्या कंदांचे सट्ट्याने चढलेले भाव कोसळले, ही कथा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत असते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यातील त्याच देशात, उपाशी लोकांनी तेच कंद शिजवून खाल्ले, ही गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. वस्तूची किंमत बाजार ठरवतो. तिचे मोल भूक ठरवते.

थंडीचे विज्ञान आणि सत्तेची घाई

थंडी मिळाल्यावरच फुलण्याचा हा नियम नाशिकच्या शेतकऱ्याला वेगळ्या रूपात ठाऊक आहे. थंडी लांबली की कांद्याला डेंगळे येतात, ते याच नियमाने. जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाव्ह गासनर यांनी १९१८ मध्ये हिवाळी राय या धान्यावर प्रयोग करून थंडीची ही गरज दाखवली. पुढे सोव्हिएत रशियात ट्रोफिम लिसेंको याने भिजवलेल्या गव्हाला थंडी देऊन पेरण्याची पद्धत गाजवली. मूळ परिणाम खरा होता. पण त्यातून प्रचंड उत्पादन येईल आणि असे मिळवलेले गुण पुढील पिढीत उतरतील, हे दावे पुराव्यावर टिकणारे नव्हते. सत्तेने मात्र ते उचलून धरले. त्यांना विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांना १९४० मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला.

त्याच काळात लेनिनग्राडला वेढा पडला होता. वाविलोव्ह यांनी जगभरातून जमवलेल्या बियांचा संग्रह तेथील संस्थेत होता. तांदूळ, गहू, शेंगदाणे यांच्या पुड्यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी कित्येक जण भुकेने मेले. परंतु त्यांनी ते बी खाल्ले नाही. पुढच्या पिढ्यांची पेरणी त्यात आहे, हे ते जाणून होते. हुकमाने गव्हाचा स्वभाव बदलत नाही, हे ज्यांना माहीत होते, त्यांनीच बी वाचवले.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

विद्यार्थ्यांनी हे सारे केवळ वाचून मान्य करू नये. टोमॅटोचे बी दोन ट्रेंमध्ये एकाच दिवशी पेरावे. उगवल्यावर एक ट्रे खोलीत खिडकीपासून दूर आणि दुसरा भरपूर उजेडात ठेवावा. दर चार दिवसांनी रोपांची उंची, खोडाची जाडी आणि पानांची संख्या वहीत लिहावी. मग उजेडातील रोपांपैकी अर्धी दहा दिवस काटक करून आणि अर्धी तशीच अंगणात लावावीत. पंधरा दिवसांनी कोणती किती जगली, ते मोजावे. निष्कर्ष आमच्या सांगण्याहून वेगळा आला, तर तोच लिहावा आणि कारण शोधावे. उंच रोप म्हणजे बळकट रोप नव्हे, हे ज्याने स्वतः मोजून पाहिले, त्याला ते पुन्हा कोणी सांगावे लागत नाही.