एका दाण्याची साक्ष

तमिळनाडूतील शिवकळै येथील उत्खननात एका अस्थिकुंभात मातीबरोबर भाताचे दाणे सापडले. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी ११५५ च्या सुमाराचा असल्याचे २०२१ साली जाहीर झाले.

एवढासा दाणा आपले वय कसे सांगतो? जिवंत वनस्पती हवेतून किरणोत्सर्गी कार्बन घेत असते. ती मेली की हा पुरवठा थांबतो आणि उरलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. ही कालमापनपद्धती शोधणारे विलार्ड लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र असे अवशेष मातीच्या थरांतून वेचणे हे मोठ्या चिकाटीचे काम होय. खणलेली माती पाण्यात हलकेच ढवळतात. जड कण तळाशी बसतात, तर जळके दाणे व कोळसा वर तरंगतात. ते बारीक चाळणीवर धरून सावलीत वाळवितात. पुढे प्रयोगशाळेत आम्ल व अल्क यांनी धुऊन मागाहून शिरलेला कार्बन काढून टाकतात. अन्यथा गणित चुकते.

त्यातही कोळसा फसवा असतो. जुन्या वृक्षाच्या गाभ्यातील लाकूड चुलीत जाण्यापूर्वीच शेकडो वर्षांचे असू शकते. मग चूलही तितकीच प्राचीन भासते. दाणा मात्र एकाच हंगामाचा असतो. म्हणूनच संशोधक मूठभर कोळशापेक्षा एका दाण्याची साक्ष अधिक विश्वसनीय मानतात.