हत्तीच्या मनोऱ्याची तीन चित्ररूपे

अद्भुतरसाने नटलेल्या वाङ्मयात पराक्रमाच्या कथांना तोटा नाही. परंतु जिचा नायक तलवार उपसून चोरीसाठी एखाद्या वास्तूत शिरतो आणि आतील दृश्याने प्रथम भयभीत, मग लज्जित आणि अखेरीस करुणेने व्याकुळ होऊन त्याच तलवारीने एका पीडिताची सुटका करून बाहेर पडतो, अशी कथा विरळाच म्हणावी लागेल. रॉबर्ट ई. हॉवर्ड या टेक्सासमधील लेखकाची ‘द टॉवर ऑफ द एलिफंट’ ही कथा त्या विरळा कथांपैकी एक आहे. मार्च १९३३ च्या ‘वियर्ड टेल्स’ मासिकात ती प्रथम छापून आली आणि पुढे १९७१, १९७७ व २००५ या तीन वर्षी, अमेरिकन चित्रकथांच्या तीन अगदी भिन्न कालखंडांत, तिची तीन रूपांतरे झाली. या तिन्ही रूपांतरांची परीक्षा एकाच कसोटीवर करावी, असे माझे मत आहे. ही कसोटी कथानायक कॉननच्या बाहुबळाची नाही, मनोऱ्याच्या उंचीची नाही, सिंहाशी झालेल्या झुंजीचीही नाही; मनोऱ्याच्या गाभ्यात बंदिवान असलेल्या त्या गजमुखी प्राण्याचे रडणे चित्रकाराला साधले की नाही, हीच ती कसोटी होय.

हॉवर्डचा जन्म १९०६ चा. त्याचे वडील डॉक्टर होते आणि त्याच्या हयातीचा बहुतेक काळ क्रॉस प्लेन्स या लहानशा गावी गेला. त्या मुलुखात तेल सापडल्यावर जी झुंड लोटली, जी दांडगाई आणि जो बेबंद व्यवहार माजला, तो त्याने कोवळ्या वयात जवळून पाहिला. आणि ‘मनोऱ्या’च्या आरंभी झमोरा देशातील चोरांच्या वस्तीचे जे वर्णन येते, ती मशालींच्या धुरातली मद्यपी गर्दी आणि देशोदेशींचे ते भामटे वाचताना तेलाच्या गावांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कॉननच्या कथा त्याने कालक्रमाने लिहिल्या नाहीत. डिसेंबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कथेत कॉनन प्रौढ वयाचा राजा आहे, दुसरीतही राजाच आहे. आणि तिसरी कथा, म्हणजे प्रस्तुत कथा, एकदम मागे जाऊन त्याला उत्तरेकडून नुकताच आलेला, नागर रीतिभाती न उमगणारा एक पोरसवदा चोर म्हणून उभा करते. जून १९३६ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी हॉवर्डने स्वहस्ते जीवनाचा अंत केला. आपल्या मानसपुत्राला पुढे केवढे चित्रमय आयुष्य लाभणार आहे, याची कल्पना त्याला असणे शक्य नव्हते.

कथानक थोडक्यात असे. यारा नामक दुष्ट मांत्रिकाचा एक रुपेरी, वर्तुळाकार, दीडशे फूट उंचीचा मनोरा आहे, त्याच्या माथ्याच्या कडेवर रत्ने जडवलेली आहेत, आणि आत ‘हत्तीचे हृदय’ नावाचे एक अमोल रत्न आहे अशी वदंता आहे. कॉनन रात्री बागेत शिरतो तो तेथे टॉरस हा चोरांचा सरदार आधीच हजर. काळ्या कमळाचे विषारी चूर्ण नळीतून फुंकून टॉरस सिंहांना निःशब्द मारतो, त्यातून उरलेला एक कॉननच्या तलवारीला बळी पडतो, दोघे दोरावरून वर चढतात. परंतु वरच्या दालनात दबा धरून बसलेल्या एका प्रचंड कोळ्याच्या दंशाने टॉरस मरतो, आणि त्या कोळ्याला चिरडून कॉनन एकटाच खाली उतरतो. येथवर सारा मामला साहसकथेच्या रुळलेल्या वाटेने चालला आहे. यानंतर मात्र कथा आपला रस पालटते. संगमरवरी आसनावर मानवी देहाची आणि हत्तीच्या मस्तकाची एक हिरवी मूर्ती त्याला दिसते. पसरट कान, वळलेली सोंड, दातांच्या टोकांना सोन्याचे गोळे. कॉनन तिला मूर्तीच समजतो, आणि मग ती सोंड हलते. डोळे दृष्टिहीन आहेत. हातपाय छळाने मोडलेले, आगीने डागलेले आहेत. आणि अनोळखी माणसाची चाहूल लागताच हा प्राणी पुन्हा छळ होणार या भयाने रडू लागतो. समग्र मानवजातीचा अपराध आपल्याच माथी आला आहे असे त्या क्षणी कॉननला वाटते. रानटी म्हणून हिणवलेल्या तरुणाच्या अंतःकरणात ही लज्जा उपजावी, यातच हॉवर्डची थोरवी आहे.

याग-कोशा हे त्या प्राण्याचे नाव. तो दूरच्या ग्रहावरून पंखांच्या बळावर अवकाश ओलांडून आलेल्या निर्वासितांपैकी शेवटचा; मानवाची घडण त्याने युगानुयुगे पाहिलेली; खितई देशाच्या अरण्यात लोक त्याला देव मानून पूजीत, आणि तेथेच याराने त्याची विद्या घेऊन त्यालाच गुलाम केले. गजमस्तक पाहताच ज्याचे हात आपोआप जोडले जातात अशा महाराष्ट्रीय वाचकावर या प्रसंगाचा परिणाम अमेरिकन वाचकाहून वेगळा झाल्याशिवाय राहत नाही. परदेशी वाचकाला त्या रूपात प्रथम विचित्र भेसूरपणा दिसतो आणि करुणा मागाहून येते. आपल्याला भेसूरपणा जाणवतच नाही. जे रूप आरंभी पूजावयाचे त्यावर डागण्यांचे व्रण आहेत, हे वाचून आपला जीव थेट कळवळतो. हॉवर्डचा याग-कोशा म्हणजे आपला गणपती नव्हे, हे खरे. तरीही या कथेकडे पाहण्याचा एक अधिकचा डोळा आपल्या संस्कारांनी आपल्याला दिला आहे, आणि चित्ररूपांची पारख करताना तो मिटून घेण्याचे मला काही कारण दिसत नाही.

१९७० मध्ये मार्व्हल कंपनीने रॉय थॉमस या तरुण संपादक-लेखकाच्या आग्रहास्तव, हॉवर्डच्या वाङ्मयीन मिळकतीचे मुखत्यार ग्लेन लॉर्ड यांच्याकडून परवाना घेऊन, ‘कॉनन द बार्बेरियन’ हे नियतकालिक सुरू केले. परवान्याची रक्कम द्यावयाची म्हणून चित्रकाराच्या मानधनात काटकसर करणे भाग पडले. जॉन बुसेमासारखा नामांकित चित्रकार त्यामुळे परवडेना, आणि काम बॅरी स्मिथ या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाकडे गेले. खजिन्याच्या अडचणीतून कलेचे भले व्हावे असा हा योग होता. पहिले दोन अंक थॉमसच्या स्वतंत्र कथानकांवर बेतलेले, तिसऱ्याचा आधार हॉवर्डची कॉननेतर कथा. एप्रिल १९७१ ही तारीख मिरवणाऱ्या चौथ्या अंकात ‘मनोरा’ आला, आणि मूळ कॉननकथा या मालिकेत प्रथमच उतरली. हॉवर्डने कथा वाटेल त्या क्रमाने सांगितल्या होत्या. थॉमसने नायकाचे चरित्र वयानुसार लावून घेतल्यामुळे ही तारुण्यातील कथा आरंभीच्याच अंकांत येणे ओघाने प्राप्त झाले.

त्या अंकावर दोन बंधने होती. पहिले बंधन जागेचे: सुमारे दहा हजार शब्दांचा ऐवज वीसेक पानांत बसवावयाचा. दुसरे कॉमिक्स कोडचे, म्हणजे प्रकाशकांनीच १९५४ मध्ये स्वतःवर लादून घेतलेल्या त्या नियमावलीचे, जिच्या अंमलात रक्तपाताचे उघड चित्रण वर्ज्य होते. आणि या कथेचा कळस तर असा की याग-कोशा स्वतःचे हृदय कापून काढावयाची विनंती करतो व त्यातील रक्त रत्नावर पिळावयास सांगतो. थॉमसने मूळ गद्याचा आधार मजकुराच्या चौकटींत घेऊन ही अडचण निभावली. स्मिथच्या रेषेवर अद्याप मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याची छाया आहे, साल बुसेमाच्या शाईने तिला ठाशीवपणा आला आहे, आणि वर्तमानपत्री कागदावर ठिपक्यांनी छापावयाचे मोजके चौसष्ट रंग हाताशी आहेत. तरीही पुढे ज्या अलंकरणासाठी स्मिथ प्रख्यात झाला, त्याची चाहूल येथे लागते. करुणरस मात्र चित्रापेक्षा शब्दांतच अधिक आहे, असे मला वाटते. या तरुण चित्रकाराला वेदनेपेक्षा आश्चर्य काढणे अधिक साधले होते.

थॉमसचे मात्र समाधान झाले नसावे. ऑगस्ट १९७४ मध्ये ‘द सॅव्हेज स्वॉर्ड ऑफ कॉनन’ हे मोठ्या आकाराचे कृष्णधवल मासिक निघाले. मासिक म्हणून नोंदले गेल्यामुळे त्यावर कोडचा हुकूम चालत नव्हता आणि जागाही ऐसपैस होती. त्याच्या नोव्हेंबर १९७७ च्या चोविसाव्या अंकात त्याने हीच कथा दुसऱ्यांदा लिहिली. या खेपेस रेखाटन जॉन बुसेमाचे, आणि शाई फिलिपिन्सच्या आल्फ्रेडो अल्काला यांची. अल्काला हे विलक्षण चिकाटीचे कारागीर होते. आडव्या, उभ्या, तिरप्या सूक्ष्म रेषांचे थरावर थर चढवून ते तांब्याच्या पत्र्यावरील जुन्या कोरीव चित्रांसारखी घनता आणीत. खुद्द बुसेमाला ही घनता फारशी रुचत नसे, कारण तिच्याखाली त्याचे मोकळे, वेगवान रेखाटन झाकले जाई. आणि मारामारीच्या प्रसंगांपुरती त्याची तक्रार मान्य करावीच लागते. परंतु याग-कोशाच्या बाबतीत हीच घनता कामी येते. येथे हिरवा रंग उपलब्ध नाही, म्हणजे तो प्राणी परग्रहावरचा आहे हे रंगाने सांगण्याची सोय नाही. जे सांगावयाचे ते कातडीनेच सांगावे लागते. हत्तीच्या कातडीला जन्मजात सुरकुत्या असतात आणि अल्कालांची रेषा स्वभावतःच सुरकुत्यांची आहे; वय, थकवा आणि छळ यांना वेगवेगळी खूण न देता एकाच पोतात आणणे तिला शक्य होते. तिन्ही रूपांत माझा कौल याच रूपाला आहे, तो त्याच्या शौर्याच्या पानांसाठी नव्हे, या पोतासाठी.

तिसरे रूप डार्क हॉर्स कंपनीचे. २००३ पासून सुरू झालेल्या तिच्या मालिकेचा पहिलाच छोटेखानी अंक आयस्नर पारितोषिकाचा मानकरी ठरला होता. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार कॅरी नॉर्ड, रंगकार डेव्ह स्ट्युअर्ट. ‘मनोरा’ विसाव्यापासून बाविसाव्यापर्यंतच्या तीन अंकांत, २००५ मध्ये, विस्ताराने आला. या मालिकेची क्लृप्ती अशी की नॉर्डच्या पेन्सिलीवर शाई न चढवता स्ट्युअर्टने थेट रंग भरले. त्यामुळे रेषेची धार बोथट होऊन चित्राला रंगचित्राचा ओलावा येतो, आणि अर्धवट उजेडाच्या दालनांना तो फार शोभतो. तीन अंकांच्या ऐसपैस मांडणीत चोरांच्या गुत्त्यापासून कोळ्यापर्यंत प्रत्येक प्रसंगाला श्वास घ्यावयास सवड मिळाली आहे. परंतु मूळ कथेचा परिणाम एका रात्रीत, एका बैठकीत घडतो. महिनामहिन्याच्या अंतराने तुकडे पडले की वाचकाच्या मनातील भय मधल्या मुदतीत निवते, ही या रूपाची उणीव कलाकारांच्या पदरी न बांधता प्रकाशनपद्धतीच्या खाती टाकावी लागेल.

चित्रमाध्यमालाच जी मूळ अडचण आहे ती तिघांनाही चुकवता आलेली नाही. गद्यात वाचक कॉननच्या पावलाने चालतो: आधी दालन, मग मूर्ती, मग सोंडेची हालचाल. चित्रात दालन, मूर्ती आणि सोंड ही एकाच दृष्टिक्षेपात पुढे येतात, आणि पान उलटण्यापूर्वीच्या क्षणापुरतेच रहस्य राखता येते. उलट कथेच्या शेवटी चित्रकथा गद्यावर मात करते. रक्ताने माखलेले ते रत्न कॉनन याराच्या पुढ्यात ठेवतो, मांत्रिक त्याकडे टक लावून पाहता पाहता आक्रसत जातो, मुठीएवढा होतो, रत्नाच्या आत ओढला जातो, आणि तेथे पंख परत मिळालेला, सुदृढ झालेला याग-कोशा त्याच्या पाठलागावर निघतो. गद्यात लेखकाला हे आक्रसणे शब्दागणिक मोजून द्यावे लागते. चौकटींच्या क्रमात मात्र तेच टेबल, तेच रत्न जागच्या जागी ठेवून केवळ माणूस लहान करीत नेला की काम भागते, कारण प्रमाणाचा हा खेळ चित्रकथेच्या रचनेतच मुरलेला आहे.

जॉन मिलियस यांच्या १९८२ च्या कॉननवरील चित्रपटानेही या कथेतून मनोरा उचलला, दोरावरून चढणे उचलले, रत्नाची चोरी उचलली. पण गाभ्यात हत्तीऐवजी सर्प ठेवला. सर्पाला मारता येते, त्याच्यासाठी रडावे लागत नाही, म्हणून तो प्रसंग उत्तम थरार देतो आणि तेवढाच देतो. चित्रकथाकारांना साधनांची कमतरता चित्रपटाहून कितीतरी अधिक होती, पण तिघांनीही गजमस्तक वगळले नाही.