क्रॉसबो, हरीण आणि पाव सेकंद

अमेरिकेत शरद ऋतू लागला की शिकारीच्या सामानाच्या दुकानांत क्रॉसबोची, म्हणजे चाप ओढून बाण सोडायच्या आडव्या धनुष्याची, खोकी रचली जातात. खोक्यावर सगळ्यात ठळक काय असतं, तर बाणाचा वेग: सेकंदाला 350 फूट, 400 फूट, कधी त्याहूनही जास्त. नवखा शिकारी बहुधा हाच आकडा पाहून धनुष्य निवडतो. पण हरणाचा जीव झटकन जाईल की ते जखमी होऊन दिवसभर रानात तडफडेल, हे निव्वळ वेगावरून ठरत नाही.

आधी या शिकारीमागची परिस्थिती पाहू. बेसुमार शिकारीमुळे 1900च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम काही लाख उरली होती. पुढे कडक कायदे आले. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामी लागला. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांतून लांडगे आणि प्यूमा केव्हाच संपले, त्यामुळे हरणांच्या संख्येला फारसा नैसर्गिक आवर राहिलेला नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना परसातली फुलझाडं फस्त करणारी हरणं आणि गाडीसमोर अचानक येणारी हरणं दोन्ही ठाऊक आहेत. शिकारीचा हंगाम, परवाने आणि हत्यारं राज्य सरकार ठरवतं. विस्कॉन्सिनने 2014 साली क्रॉसबोचा हंगाम सर्वांना खुला केला. ओरेगॉनमध्ये क्रॉसबोने शिकार करता येत नाही. ब्रिटनमध्येही त्याला बंदी आहे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर या सगळ्यांचीच शिकार गुन्हा ठरते, आणि ते योग्यच आहे.

आता वेगाचा हिशेब मांडू. सेकंदाला 350 फूट म्हणजे सुमारे 107 मीटर. 40 मीटरवरच्या हरणापर्यंत बाण पोचायला साधारण 0.37 सेकंद लागतात. प्रत्यंचा सुटल्याचा आवाज मात्र 0.12 सेकंदातच त्याच्या कानी पडतो. म्हणजे हरणाला पाव सेकंद मिळतो. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडून खाली बसकण मारतं आणि मग झेप घेतं. दचकण्यात एक दशांश सेकंद गेला असं धरलं, तरी उरलेल्या वेळात त्याचं अंग नुसत्या गुरुत्वाकर्षणाने 12 सेंटिमीटर खाली येऊ शकतं. हृदय आणि फुप्फुसांचा नेम धरायचा भाग सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाचा असतो. मधोमध धरलेला नेम अशा वेळी त्याच्या वरून जातो. हेच गणित 20 मीटरला केलं तर हरीण अर्धा सेंटिमीटरही खाली येत नाही.

वेग 450 फूट केला तर? 40 मीटरवर हरीण जेमतेम तीन सेंटिमीटर खाली येईल, म्हणजे फायदा खराच आहे. पण तेवढ्या जोरावर शिकाऱ्याने 60 मीटरवरून चाप ओढला, की ते पुन्हा 13 सेंटिमीटर बसकण मारतं. शिवाय चरता चरता हरणाने पाऊल टाकलं तर बाण पोचेपर्यंत ते 40 सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं, आणि मग बाण पोटात घुसतो. तोच बाण 350ऐवजी 450 फुटांनी सोडायचा तर त्याला 65 टक्के जास्त ऊर्जा द्यावी लागते. तिचा सगळा ताण धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवर आणि दोरीवर येतो. म्हणून काही कंपन्या बाणच हलका करून आकडा वाढवतात. हलका बाण धनुष्यातली ऊर्जा पुरती उचलत नाही. उरलेली पात्यांच्या थरथरीत आणि आवाजात जाते. हरणाला सावध करतो तो हाच आवाज. माझं मत स्पष्ट आहे: मध्यम वेगाचं, कमी आवाजाचं धनुष्य घ्यावं, जरा जड बाण वापरावा आणि 30 मीटरच्या आत थांबावं.

प्रत्यंचेचा ताण जितका जास्त तितकं धनुष्य भारी, हाही असाच गैरसमज. राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज अभ्यासकाने क्रॉसबोवरचा आपला ग्रंथ 1903 साली छापला. त्याच्याकडच्या एका जुन्या पोलादी क्रॉसबोचा ताण 1200 पौंड होता, आणि त्याने त्यातून वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीपार बाण मारले. आजच्या क्रॉसबोचा ताण बहुधा दीडशे-दोनशे पौंड असतो. तरीही तो कमी पडत नाही, कारण ऊर्जा ताणाबरोबरच दोरी किती अंतर बाणाला ढकलते यावरही ठरते. जुन्या धनुष्यात ते अंतर वीतभरही नव्हतं. आज ते 12 ते 15 इंच असतं. त्यात पोलादी पातं जड, त्यामुळे बरीच ऊर्जा त्यालाच हलवण्यात खर्ची पडे. 1969 साली हॉलिस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. त्यातल्या आस मधोमध नसलेल्या चाकांमुळे जोर शेवटाकडे नुसता वाढत न जाता बराच वेळ टिकून राहतो. पुढे क्रॉसबोतही हीच चाकं आली. चाकं नसलेल्या साध्या वळणदार पात्यांच्या क्रॉसबोला ताण जास्त लागतो, पण त्यात बिघडण्यासारखं कमी असतं आणि दोरी घरीच बदलता येते. दुकानापासून लांब राहणाऱ्याने तोच घ्यावा.

दुकानात गेल्यावर बारकाईने पाहावी ती दोरीची मधली वीतभर जागा. तिथे दुसरा दोरा घट्ट गुंडाळलेला असतो. चापाची पकड तिथेच बसते, आणि प्रत्येक बाणाबरोबर तीच जागा बाण ठेवायच्या पन्हळीवर घासते. गुंडाळी सैल झाली, धागे विस्कटले, की नेम बिघडायला लागतो. दोरी चढवताना ती अगदी मधोमध यायला हवी. एका बाजूला जरा जास्त ओढली गेली तर बाण कडेला जातो. म्हणून नुसत्या हाताने ओढू नये. कप्पीची दोरी वापरली की ओढण्याचा जोर निम्मा होतो आणि दोन्ही बाजू सारख्या येतात.

बाण न लावता चाप ओढला तर साठलेली सगळी ऊर्जा पात्यांतच फुटते. पाती तडकतात, दोरी तुटते. हे रोखणारा खटका नसलेला क्रॉसबो घेऊच नये. बाणाच्या शेपटाची खाच कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची हवी, नाहीतर दोरी बाणावरून निसटते आणि परिणाम तोच होतो. पुढच्या हाताचा अंगठा पन्हळीच्या वर आला तर दोरी तो कापून नेते. तिथे बोटांना आडोसा देणारी कड आहे का, हे स्वतः हात लावून पाहावं.

बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. त्याच्या टोकाचं पातं कापत जातं आणि रक्तस्रावाने हरीण कोसळतं. म्हणून सरावाला वापरलेलं बोथट पातं शिकारीला नेऊ नये, आणि ज्या पात्याने शिकार करायची त्याच पात्याने नेम आधी तपासून घ्यावा. दिवस मावळेपर्यंत हरीण टप्प्यात आलंच नाही, तरी ताणलेला क्रॉसबो तसाच गाडीत ठेवायचा नसतो. बहुतेक क्रॉसबोंची दोरी हाताने परत उतरवता येत नाही. त्यासाठी एक साधा बाण जवळ ठेवावा आणि तो मऊ मातीत सोडून दोरी मोकळी करावी.