पुतळ्याने गल्ला भरतो काय?

शहराची तिजोरी रिकामी असताना सिनेमातल्या किंवा खेळातल्या एखाद्या लोकप्रिय व्यक्तीचा पुतळा उभारावा, म्हणजे बाहेरचे लोक येतील आणि बाजार चालेल, असा विचार अधूनमधून मांडला जातो. पुतळ्याविषयीचे धार्मिक मत आमच्या वाचकांना ठाऊक आहे. या पानावर आम्ही फक्त हिशेब पाहणार आहोत.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. कारखाने गेले, वस्ती घटली आणि जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी २०११ मध्ये, 'रोबोकॉप' या १९८७ च्या चित्रपटातील यांत्रिक पोलिसाचा पुतळा उभारावा, अशी सूचना महापौरांकडे आली होती. त्यांनी नकार दिला. तेव्हा चाहत्यांनीच वर्गणी काढून ६७ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमविली. पुतळा तयार झाला, पण त्याला जागा मिळेना. तो उभा राहायला डिसेंबर २०२५ उजाडला. शहर मात्र डिसेंबर २०१४ मध्येच दिवाळखोरीतून बाहेर आले होते, तेही कर्जाची फेरमांडणी करून आणि निवृत्तिवेतनाला कात्री लावून.

आपल्याकडे मुंबईत वानखेडे स्टेडियमवर १ नोव्हेंबर २०२३ रोजी सचिन तेंडुलकरचा पुतळा उभा राहिला. तो क्रिकेट संघटनेने उभारला आणि तेथे गर्दी आधीपासूनच होती. गर्दीच्या मागे पुतळा येतो, पुतळ्याच्या मागे गर्दी येईलच असे नाही. नाशिकचे उदाहरण पाहा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेने दादासाहेब फाळके यांचे मोठे स्मारक उभारले, संगीत कारंजे बसविले. सुरुवातीला लोक आले. पुढे देखभाल मागे पडली, कारंजे बंद राहू लागले आणि प्रेक्षक ओसरले. उभारणीचा खर्च एकदाच होतो, झाडू, वीज आणि पहारेकरी यांचा दरमहा करावा लागतो. देखभालीकडे दुर्लक्ष झाल्यावर काय होते ते मालवणने दाखविले. राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या नट-बोल्टांना गंज लागल्याचा इशारा त्याआधीच दिला गेला होता.

आता आपल्या भागाकडे येऊ. जकात गेली, एलबीटी गेली, जुलै २०१७ पासून जीएसटी आला. कल्याण-डोंबिवलीसारख्या महापालिकेच्या स्वतःच्या हातात आता मुख्यतः मालमत्ता कर आणि पाणीपट्टी उरली आहे. अशा तिजोरीतून पुतळ्याला पैसा काढणे म्हणजे रस्ता आणि गटार यांच्या तोंडचा घास काढणे होय.

खडवली महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, पण तिचा धडा सर्वांना लागू पडतो. कसारा मार्गावरच्या या छोट्या स्टेशनावर लोक भातसा नदीसाठी उतरतात. चहावाला, वडापावची गाडी, रिक्षावाला या साऱ्यांचे पोट सुटीच्या दिवसांच्या गर्दीवर आहे. तेथे पुतळा उभारला तर लोक फोटो काढतील, आणि फोटोला पैसे लागत नाहीत. उलट नदीत कोणी बुडाले की बातमी होते, पावसाळ्यात बंदीचा हुकूम निघतो आणि टपरीचा गल्ला रिकामा राहतो. येथे जीवरक्षक, काठावर दोर, खोल पाण्याचे फलक, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत दिवे हवेत. हा खर्च पुतळ्याइतका दिसत नाही, त्याला फीतही कापता येत नाही. गिऱ्हाईक मात्र त्यानेच पुन्हा येते.

चाहत्यांनी स्वतःच्या पैशाने पुतळा आणला तर? आमचे व्यापारी बांधवांना एवढेच सांगणे आहे की, वर्गणी देण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : जागा कोणाची, आणि दहा वर्षांची देखभाल कोण करणार.