सात रंगांच्या सात भिंतींची राजधानी गेली कुठे?

इराणमध्ये अल्वंद डोंगराच्या पायथ्याशी हमदान नावाचं शहर आहे. या गजबजलेल्या शहराखाली मीड लोकांची राजधानी दडलेली आहे: एकबताना, म्हणजेच जुन्या पर्शियन भाषेतलं हगमताना.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की, मीड राजा डायोसीसने इथे एकात एक अशा सात भिंती बांधल्या. प्रत्येक भिंतीचा माथा वेगळ्या रंगाचा होता. सर्वात आतल्या दोन भिंतींवर तर चांदी आणि सोनं!

इ.स.पू. 550 मध्ये पर्शियाच्या सायरसने मीड राजा अस्त्यागीसचा पराभव करून शहर जिंकलं. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा थंड. त्यामुळे सुसा शहर उन्हाने तापलं की पर्शियन सम्राटांचा मुक्काम इकडे हलायचा.

मग ती श्रीमंती गेली कुठे? इ.स.पू. 330 मध्ये अलेक्झांडर इथे पोहोचला आणि लूट सुरू झाली. इतिहासकार पॉलिबियस लिहितो की, पुढे अँटिओकस तिसरा याने इथल्या मंदिराची उरलीसुरली सोन्या-चांदीची सजावटही उतरवली आणि तिची नाणी पाडली.

हमदानमधल्या हेगमताना टेकडीवर उत्खनन झालं. आखीव गल्ल्या, घरं, जाडजूड तट सापडले. पण त्यातले बरेचसे नंतरच्या पार्थियन काळातले निघाले. डायोसीसचा राजवाडा अजून सापडलेला नाही.

2024 मध्ये युनेस्कोने हेगमतानाला जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. सात भिंती खरंच होत्या की ती हेरोडोटसच्या कानावर आलेली दंतकथा होती, याचं उत्तर मात्र अजून जमिनीखालीच आहे.