हातात एका वेळी किती कामे असावीत?

नागपूरच्या परसोडीतील आयटी पार्क असो की मिहानमधील मोठ्या कंपन्यांची कार्यालये, सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांची एक तक्रार ओळखीची आहे. दिवसभर मान वर करायला फुरसत नाही आणि संध्याकाळी पाहावे तर एकही काम पूर्ण झालेले नाही. एक प्रोग्रॅम अर्धा लिहून होतो तोच दुसऱ्या क्लायंटची तातडीची मागणी येते. ती हातात घ्यावी तर तिसऱ्या कामातील चूक दुरुस्त करायची असते. ठरलेली तारीख चुकते, मग रात्री जागून भरपाई करावी लागते. तिची किंमत झोप, पाठ, डोळे आणि घरच्यांच्या वाट्याचा वेळ यांतून मोजली जाते.

अशा वेळी सहसा माणसे वाढवली जातात, नाहीतर कामाचे तास. ‘कानबान’ ही पद्धत आधी वेगळा प्रश्न विचारते : मुळात एका वेळी किती कामे सुरू करून ठेवली आहेत?

कानबान हा जपानी शब्द. त्याचा अर्थ पाटी किंवा फलक. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी ही पद्धत घडवली. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने जेवढा माल उचलला, तेवढाच पुन्हा फळीवर मांडला जातो. तेच तत्त्व त्यांनी कारखान्यात आणले. सुट्या भागांच्या पेटीसोबत एक कार्ड असे. भाग वापरले गेले की कार्ड मागे जाई आणि तेवढेच नवे भाग तयार होत. कार्ड नाही तर काम नाही.

नागपूरकरांना हे रेल्वेवरून चटकन समजेल. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, ते ‘डायमंड क्रॉसिंग’ याच शहरात आहे. पुढचा मार्ग मोकळा झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, म्हणून ती ‘आउटर’ला थांबते. एकेरी मार्गावर तर पूर्वी चालकाच्या हाती ‘गोळा’, म्हणजे टोकन पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरू शकत नसे. थांबलेला प्रवासी वैतागतो. पण सगळ्या गाड्या एकदम आत सोडल्या तर कोणतीच पोहोचणार नाही. कानबानचे कार्ड म्हणजे कामाचा गोळा.

साधे गणित

या नियमामागे गणित आहे. रांगांविषयीच्या एका सूत्राची सिद्धता अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये मांडली. हातातील कामांची सरासरी संख्या भागिले कामे संपण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. एखादा गट आठवड्याला ४ कामे संपवत असेल आणि २० कामे सुरू असतील, तर प्रत्येक काम सरासरी ५ आठवडे अडकते. तोच वेग ठेवून फक्त ८ कामे हातात घेतली, तर २ आठवडे लागतात.

प्रत्यक्षात वेगही सारखा राहत नाही. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो आणि दुसरे काम कमी दर्जाचे होते. म्हणजे जास्त कामे सुरू ठेवल्याने उशीर होतो, चुका होतात आणि त्या चुका पुन्हा नवे काम होऊन समोर येतात.

हैदराबादचा अनुभव

सॉफ्टवेअरमधील कानबानचा सर्वांत गाजलेला प्रयोग भारताशी जोडलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या आणि लहान बदल करणारा एक गट हैदराबादेत होता. २००४ मध्ये एका मागणीला साधारण पाच महिने लागत. व्यवस्थापक द्रागोश दुमित्रिऊ यांनी डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने गटाचा दिवस कशात जातो ते पाहिले. प्रत्येक नव्या मागणीला किती वेळ लागेल, याचा अंदाज ताबडतोब द्यावा लागे. गटाची जवळपास एक तृतीयांश शक्ती त्यातच खर्ची पडे, आणि अंदाज दिलेली कित्येक कामे पुढे होतच नसत.

त्यांनी हे अंदाज बंद केले. हातातील कामांवर मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की पुढे कोणते काम घ्यायचे, हे मागणी करणाऱ्या विभागांनी आपसात ठरवायचे. पुढे कामाची कोंडी कुठे होते ते दिसल्यावर चाचणीकडचा एक जण प्रोग्रामिंगकडे वळवला. दोन माणसे वाढवली ती त्यानंतर. २००५ संपेपर्यंत हाती घेतलेले काम सरासरी १४ दिवसांत पूर्ण होऊ लागले आणि साठलेली रांगही संपली. कोणाला जास्त तास बसवून हे साधले नव्हते.

अँडरसन यांनी २०१० मध्ये या अनुभवांवर पुस्तक लिहिले. त्यातील आग्रह असा की, आज जसे काम चालते तिथूनच सुरुवात करावी. पदे, हुद्दे, बैठका पहिल्याच दिवशी बदलू नयेत. एका फळ्यावर ‘करायचे’, ‘सुरू’, ‘तपासणीत’, ‘झाले’ असे रकाने आखून प्रत्येक कामाची चिठ्ठी लावावी. मधल्या रकान्यांत जास्तीत जास्त किती चिठ्ठ्या चालतील, ते आकड्यात लिहावे. ‘तपासणीत’चा रकाना भरला असेल तर प्रोग्रामरने नवे काम न उचलता तपासणीला हात लावावा. मग एका वेळी एकच छोटा बदल.

अडचणीही आहेत. साहेबाचा फोन आला की मर्यादा मोडली जाते आणि फळा भिंतीची शोभा होऊन बसतो. तातडीच्या कामासाठी एखादी जागा आधीच राखून ठेवणे हा त्यावर उपाय. दुसरा धोका मोठा. कोणाच्या नावावर किती चिठ्ठ्या अडल्या, याचा हिशेब वार्षिक मूल्यमापनात धरला, तर लोक चिठ्ठ्याच लपवतात. फळा कामाची कोंडी दाखवण्यासाठी असतो, माणसांवर पाळत ठेवण्यासाठी नाही.

सुरुवातीला खर्च असा काहीच नाही. प्रत्येक चिठ्ठीवर दोन तारखा लिहाव्यात, काम हाती घेतल्याची आणि ते संपल्याची. महिनाभराने दोन्हींमधले दिवस मोजून सरासरी काढावी. मग मर्यादा एका चिठ्ठीने कमी करावी आणि पुढच्या महिन्यात तीच सरासरी पुन्हा पाहावी.