रजेवरचा माणूस मरत नाही

२०२५च्या एप्रिलमध्ये ‘सीआयडी’ मालिकेतले एसीपी प्रद्युम्न गेले. खलनायक बार्बोसाच्या बॉम्बने त्यांचा बळी घेतला, सोनी वाहिनीने समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली आणि ‘सीआयडी’ बघणाऱ्या घरांत सुतक आलं. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी फेऱ्या मारणाऱ्या मंडळींनी या मृत्यूची जी चौकशी केली, तिची दखल घ्यायला हवी. कारण तिथे बॉम्बचा विषयच निघाला नाही. स्फोटाच्या वेळी प्रद्युम्न यांचा सहकारी दया कुठे होता, बार्बोसाला आतून कोणाची मदत होती का, हे रहस्यकथेला शोभणारे प्रश्न कोणालाच पडले नाहीत. जो तो प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटमांबद्दल विचारत होता, "साटमांचं कंत्राट संपलं का हो?"

या चौकशीचे मुख्य अधिकारी आमच्या सोसायटीतले एक काका. बँकेतून निवृत्त झालेले, तरुणपणी आंतरबँक नाट्यस्पर्धांत मिशा चिकटवून फौजदार झालेले. शिवाजी साटमांनी वर्तमानपत्रांना सांगितलं की आपण काही काळ सुटीवर आहोत आणि आपली भूमिका संपल्याचं आपल्याला कोणी कळवलेलं नाही. काकांना एवढा पुरावा पुरे झाला. "अहो, माणूस रजेवर आहे. राजीनामा नाही दिलेला. मस्टरवर दोन्हींचे शेरे वेगळे असतात." मग पार्थ समथान नवे एसीपी आयुष्मान म्हणून आले, त्याचं काय? "डेप्युटेशन! मॅनेजर रजेवर गेला की हेड ऑफिस एखादा तरुण पोरगा पाठवतं. आणि साटम बँकेतला माणूस. चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायचे नाहीत."

शेवटचा मुद्दा निव्वळ ज्ञातिप्रेमाचा असला तरी माहिती खरी आहे. साटम सेंट्रल बँकेत कॅशियर होते. आंतरबँक स्पर्धेतूनच अभिनेते बाळ धुरींनी त्यांना हेरलं आणि ‘संगीत वरद’ या नाटकात आणलं. पुढे दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका आली, ती ‘सीआयडी’वाल्या बी. पी. सिंग यांचीच, आणि तीत साटमही होते. म्हणजे १९९८च्या जानेवारीत ‘सीआयडी’ सुरू झाली तेव्हा या जोडीची तालीम मराठीत आधीच झालेली होती. हिंदीवाल्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगून ठेवलं.

काकांचा निष्कर्ष मला पटला. २१ एप्रिल २०२५ला साटम पंच्याहत्तर वर्षांचे झाले. कंटाळून थांबले असते तर गोष्ट वेगळी, नाहीतर प्रद्युम्न परत येणार हे उघड होतं. मालिकेच्या याच पर्वाच्या जाहिरातीत दयाचा सहकारी अभिजीत याने दयावर गोळी झाडली होती. दया पुढे ठणठणीत होता आणि दारंही तोडत होता. एकदा असा चकवा खाल्लेला प्रेक्षक दुसऱ्यांदा रडेल कशाला? तो थेट कलाकारांच्या तारखा तपासायला लागतो.

मला खटकतं ते हेच. रहस्यकथेत वाचकाने लेखकाशी डाव मांडायचा असतो, सगळे दुवे गोष्टीतच ठेवलेले असतात. आता दुवे गोष्टीबाहेर गेले. कोण सुटीवर आहे, कोणाचा फोटो सेटवरून आला, वाहिनीने शोक जरा जास्तच घाईने केला का, यावरून पात्राचं आयुष्य ठरतं. प्रेक्षक हुशार झाला खरा, पण त्याची हुशारी मालिकेच्या हिशेबखात्यात खर्ची पडते आहे. वाहिनीला त्याचं सुखदुःख नाही. चर्चा झाली की झालं.

याच मालिकेतल्या फ्रेडरिक्सबद्दल मात्र असा एकही तर्क ऐकू येत नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस ५ डिसेंबर २०२३ रोजी गेले, खरेच गेले.

गोष्टीबाहेरच्या दुव्यांवर चाललेल्या या खेळाच्या उलट उदाहरण आपल्या मराठीतच आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६मध्ये सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूनेच. २०१९मध्ये दुसरं पर्व आलं ते मागच्या काळात गेलं. अण्णा मरणार, शेवंताही मरणार, हे प्रत्येकाला पाठ होतं. तरी सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या त्या वाड्यात काय घडतंय हे बघायला लोक रोज रात्री बसले. अण्णा झालेले माधव अभ्यंकर आणि शेवंता झालेल्या अपूर्वा नेमळेकर घरोघरी पोचले ते याच पर्वात. शेवट आधीच फोडलेला असल्यामुळे तर्क करायला एकच जागा उरली होती, ती माणसांच्या स्वभावात. अण्णा कधी मरणार यापेक्षा अण्णा असे का, यावर घराघरांत वाद झाले. ‘सीआयडी’च्या लेखकांनी आकेरीला एक फेरी मारायला हरकत नव्हती.

प्रद्युम्न परत आणायचे तर कसे, ही अडचण त्यांच्यापुढे होतीच. कॉनन डॉयलने १८९३च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यापाशी संपवलं, पण मृतदेह काही सापडू दिला नाही. दहा वर्षांनी, १९०३मध्ये वाचकांपुढे हार मानून त्याने होम्सला परत आणलं तेव्हा ते कामी आलं. होम्स कड्यावरून पडलाच नव्हता, त्याला जपानी कुस्ती येत होती आणि पडला तो एकटा त्याचा शत्रू मोरिआर्टी! वाचकांनी हेही पचवलं. बॉम्बपुढे कुस्तीचा उपयोग नाही. त्यातून ‘सीआयडी’च्या पदरी डॉ. साळुंखे आहेत, ज्यांच्या प्रयोगशाळेत एका केसावरून खुनी सापडतो. त्यांनी आपल्या जुन्या दोस्ताचा डीएनए तपासलाच नाही, असं म्हणावं लागणार होतं.